सत्ताविसावा रकाना

तराजू हे नाव तिला इस्पितळाच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य आचाऱ्याने ठेवले. ती बावीस वर्षांची असताना तिथे भाज्या चिरायला लागली होती. एके सकाळी वजनाचा काटा बिघडला. चाळीस रुग्णांच्या ताटात प्रत्येकी शंभर ग्रॅम उकडलेला बटाटा जायचा होता आणि आचारी डोक्याला हात लावून बसला होता. तिने हात धुतले आणि नुसत्या तळव्यावर तोलून चाळीस वाट्या भरल्या. आचाऱ्याला ते खरे वाटेना. त्याने त्यातल्या तीन वाट्या औषधांच्या खोलीत नेऊन तिथल्या काट्यावर ठेवल्या. सर्वांत मोठी चूक निघाली चार ग्रॅमची. त्या दिवसापासून सगळे तिला तराजू म्हणू लागले आणि पुढे पुढे तिलाही स्वतःच्या खऱ्या नावाने हाक मारली की जरा दचकायला व्हायचे.

मी त्या इस्पितळात आहारतज्ज्ञ होते आणि शेजारच्या महाविद्यालयात शिकवायचे. स्वयंपाकघरात मला मोठ्या मॅडम म्हणत. मी आत शिरले की गप्पा थांबत, झाकणे बसत, टोप्या डोक्यावर जात. तराजू मात्र काम न थांबवता विचारायची, की मॅडम, या पेशंटला दूध का बंद केलं, त्या पेशंटला अंड्याचा पिवळा भाग का नको. मी कारण सांगायचे. दुसऱ्या दिवशी तिचा पुढचा प्रश्न तयार असे. असे सहा-सात वर्षे चालले. मग एकदा मीच तिला म्हटले, "रोज इथे उभ्या उभ्या शिकतेस, त्यापेक्षा रीतसर शीक ना."

हे मीच म्हटले होते. डायरीत आहे.

तिने नोकरी सांभाळून टपालाने पदवी घेतली आणि चौतिसाव्या वर्षी आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आली. वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्याहून बारा वर्षांनी लहान होत्या. त्या तिला मावशी म्हणायच्या, परीक्षेच्या आधी तिच्या टिपणांवर हसायच्या आणि वॉर्डात जायची वेळ आली की तिच्याच पदराआड लपायच्या. घरी नवरा, सासरे आणि लग्न न केलेली थोरली नणंद. नणंद तोंडाने फटकळ होती. वहिनीसाहेब डॉक्टर होणार, मग आम्हाला उकडलेलं खायला घालणार, असे ती शेजारीपाजारी सांगत फिरायची. पण तराजूचे कपडे इस्त्री करून ठेवायची तीच.

आमच्याकडे पदवी मिळायला चार गोष्टी लागत. सगळे पेपर, एक प्रबंध, इस्पितळातले ठरावीक तास आणि कौशल्यांची नोंदवही. ही नोंदवही हिरव्या पुठ्ठ्याची होती आणि तिच्यात बेचाळीस कौशल्ये छापलेली होती. रुग्णाचे वजन-उंची घेण्यापासून नळीने अन्न देण्याचा हिशेब मांडण्यापर्यंत. प्रत्येक कौशल्यापुढे दोन रकाने. विद्यार्थिनीने ते काम खऱ्या रुग्णावर, कुणाच्याही मदतीशिवाय, दोन वेगवेगळ्या वेळी केलेले प्रमुखाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि दर वेळी तारीख घालून सही करायची. ती प्रमुख मी. हे सगळे नाव नोंदवल्यापासून पाच वर्षांत पुरे व्हायला हवे. पाच वर्षांनंतर एक रकाना जरी रिकामा राहिला तरी सारे पहिल्यापासून.

नोंदीच्या बाबतीत मी कडक होते, हे मला कबूल करायला हवे. आमच्या मिशनरी शाळेत सिस्टरनी आम्हाला नवव्या वर्षी डायरी लिहायला लावली. शाईने लिहायचे. खोडायचे नाही. चुकलेच तर एक सरळ रेघ मारून बाजूला आद्याक्षरे लिहायची. आणि काल राहिलेले आज लिहिताना कालची तारीख घालायची नाही, कारण ते खोटे बोलणे. एका मुलीने तीन दिवसांची डायरी एकाच बैठकीत लिहिली तेव्हा सिस्टरनी शाईच्या रंगावरून ओळखले आणि तिला आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून उभे केले. ती मुलगी मीच. मी हे माझ्या विद्यार्थिनींना दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचे. मागची तारीख टाकलेली सही मी करणार नाही, मागायला येऊ नका. तराजू पहिल्या बाकावर बसून मान डोलावायची.

दुसऱ्या वर्षी तिच्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला आणि ती दोन वर्षे घरी बसली. परत आली तेव्हा पाचवे वर्ष सुरू झाले होते. तिने पेपर दिले, प्रबंध लिहिला, तास भरून काढले. जूनच्या अखेरीस तिच्या हिरव्या वहीत त्र्याऐंशी सह्या होत्या. एक बाकी होती. सत्ताविसाव्या कौशल्याचा दुसरा रकाना.

सत्ताविसावे कौशल्य म्हणजे पथ्याला ठाम नकार देणाऱ्या रुग्णाशी बोलून त्याला तयार करणे. मुलींना याच कौशल्याची सर्वांत भीती वाटायची. त्यातल्या काही चलाख होत्या. त्या असा रुग्ण निवडायच्या, ज्याला कुणी दगड खा म्हटले असते तरी त्याने हो म्हटले असते. मी ते ओळखायचे, पण काम माझ्या डोळ्यांसमोर झालेले असायचे म्हणून सही करायचे. तराजू नेमका सर्वांत हट्टी रुग्ण धरायची. आणि हट्टी रुग्ण तिच्या तारखांप्रमाणे इस्पितळात थोडेच थांबतात. एकाला आदल्याच दिवशी घरी सोडले. दुसरीला अतिदक्षता विभागात हलवले.

शेवटी गुरुवार ठरला. मुदत शनिवारी संपत होती. अकरा वाजता मी वॉर्डात येणार, मूत्रपिंडाच्या आजाराची एक बाई, तिच्याशी तराजू बोलणार. सकाळी दहाला प्राचार्यांनी मला बोलावले. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकाची बैठक होती. ती संपता संपेना. मी सव्वाबारापर्यंत तिथेच अडकले. वॉर्डात पोहोचले तेव्हा बाईला डायलिसिसला नेलेले होते. तराजू खाटेशेजारी उभी होती, हातात हिरवी वही.

साडेअकरालाच नेणार होते, त्यामुळे तिने वाट पाहून शेवटी बोलून घेतले होते. बाई तयार झाली होती. वॉर्डातली नर्स साक्षीला होती.

मी तिला माझ्या खोलीत आणले. नर्सची साक्ष चालत नाही, हे मी तिला सांगितले. तिलाही ते माहीत होते. ती म्हणाली, "मॅडम, मग मागच्या आठवड्यातल्या त्या गुरुजींच्या वेळचं धरता येईल का? मिठाच्या पेटीवाले. तुम्ही तिथेच होतात."

"कुठे?"

"चादरींच्या गाडीपाशी. मला तुमची साडी दिसत होती."

मी आठवून पाहिले. मला काहीच आठवले नाही. त्या पंधरवड्यात मी दिवसातून चार वॉर्ड फिरत होते, घरी मुलगी तापाने पडली होती. पण न आठवणे आणि न घडणे यात फरक असतो, हे तेव्हा मला सुचले नाही. मला फक्त इतकेच दिसले की ही गरजू आहे, आणि गरजू माणसाला काहीही आठवते.

"मी पाहिलं असतं तर लिहिलं असतं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिले. त्यात राग नव्हता. काहीतरी समजल्यासारखे तिने पाहिले आणि वही बंद केली. "बरोबर आहे मॅडम," ती म्हणाली.

शुक्रवारी आणि शनिवारी मी रजेवर होते. ह्यांची बदली झाली होती आणि नव्या गावी घर पाहायला जायचे आधीच ठरले होते. रजा रद्द करता आली असती. ते घर आम्हाला आवडलेही नाही, आणि पुढे बदलीही रद्द झाली.

सोमवारी तिने मुदतवाढीसाठी अर्ज केला. समितीने माझे मत मागवले. मी खरे तेच लिहिले. एक्केचाळीस कौशल्यांत अत्यंत निपुण. सत्ताविसावे एकदाच पाहिले. समितीत कुणालाच त्याउपर विचार करावा लागला नाही. मुदत वाढली नाही. पुन्हा पहिल्यापासून नाव नोंदवायला तिला सांगण्यात आले. ती एकोणचाळीस वर्षांची होती. तिने नाव नोंदवले नाही, स्वयंपाकघरात परत गेली. आचाऱ्याने तिला वजनाच्या काट्यासमोरची जागा रिकामी करून दिली, असे मला नंतर कुणीतरी सांगितले.

मी आणखी चार वर्षांनी निवृत्त झाले. तोवर आम्ही रोज भेटत होतो. ती मला नमस्कार करायची. प्रश्न मात्र तिने पुन्हा कधी विचारला नाही.

पुढे ती त्या स्वयंपाकघराची प्रमुख झाली. ते मला कळले पाच वर्षांपूर्वी, माझे हे तिथेच दाखल झाले तेव्हा. मेंदूत गाठ झाली होती, उजवी बाजू गेली होती आणि गिळताना ठसका लागायचा. सगळे अन्न दाट, गुळगुळीत करून द्यायचे होते. ह्यांनी तोंड मिटून घेतले. तीन दिवस मी समजावले. मी, जिने तीस वर्षे हेच शिकवले. एक तरुण आहारतज्ज्ञ मुलगी आली, चांगली होती, तिने छापील कागद दिला आणि दोनदा समजावून सांगून गेली. ह्यांनी भिंतीकडे मान वळवली.

चौथ्या दिवशी दुपारी तराजू स्वतः वाडगा घेऊन वर आली. केस पिकले होते, चाल तीच होती. माझ्याकडे पाहून मान लववली आणि खुर्ची ओढून ह्यांच्या डाव्या बाजूला बसली, जिकडून त्यांना दिसत होते. तिने वाडगा पुढे केलाच नाही. आधी विचारले, की साहेब, हे दिसायला कसं आहे? ह्यांनी अडखळत सांगितले, भिंतीला लावायच्या लुकणासारखे. ती म्हणाली, खरं आहे, मीही काल चाखून तेच म्हटलं. मग तुम्हाला आवडणारा वास सांगा, चव मी बघते. हे बराच वेळ विचार करून म्हणाले, भाजलेल्या पावाचा. दुसऱ्या दिवशी तिने भाजलेला पाव सुपात भिजवून, वाटून, दोनदा गाळून आणला. वाडग्यावरचे झाकण तिने त्यांच्या नाकाशी उघडले. ह्यांनी अर्धा वाडगा खाल्ला.

ती गेल्यावर हे मला म्हणाले, "ही तुझी विद्यार्थिनी?"

मी हो म्हटले.

"मग तू का नाही अशी?"

तो त्यांचा जवळजवळ शेवटचा विनोद. ती सव्वीस दिवस रोज वर येत राहिली. सत्ताविसाव्या दिवशी गरज उरली नाही. मी त्या काळात तिला एकदाही म्हटले नाही, की तुझ्यावर अन्याय झाला. कारण मला तसे वाटतच नव्हते. नियमाप्रमाणे झाले, वाईट झाले, इतकेच मला वाटत होते.

या वर्षी माझ्या खोलीतल्या भिंतीला ओल आली. पाण्याची नळी आतून फुटली होती. सुनेने सगळ्या डायऱ्या कपाटातून काढून गच्चीत उन्हात पसरल्या. साठाहून अधिक वह्या. पाने एकमेकांना चिकटली होती, म्हणून मी एकेक सुटे करत बसले आणि सुटे करता करता वाचू लागले. नातू येता-जाता विचारायचा, आजी, कुठल्या सालात पोहोचलीस?

चोवीस वर्षांपूर्वीच्या जूनमधला एक मंगळवार. माझेच अक्षर, निळी शाई.

"मुलीचा ताप एकशे दोन. सकाळी तिसऱ्या वॉर्डात तराजूने मिठाच्या पेटीवाल्या गुरुजींना जिंकले. ते चष्म्याच्या पेटीत मीठ लपवून ठेवतात. तिने पेटी मागितली, मीठ तळहातावर घेऊन 'सहा ग्रॅम' म्हणाली, ओरडली नाही. जेवण बिनमिठाचे शिजवून त्यांच्या वाट्याचे दोन ग्रॅम वेगळ्या पुडीत देते म्हणाली. वरून घातलेले मीठ जिभेला आधी लागते, थोडेही पुरते. गुरुजींनी पेटी तिच्या हवाली केली. मी चादरींच्या गाडीआड उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. एकदाही मध्ये पडावेसे वाटले नाही. मला हे जमले नसते. दुपारी घराच्या किल्ल्या विसरले, पुन्हा जावे लागले."

मी तिथून नऊ पाने पुढे उलटली. गुरुवार. "तराजूला सही नाकारली. वाईट वाटले. पण पाहिलेले नाही, ते पाहिले कसे म्हणू?" त्या गुरुवारी मी याच वहीत लिहायला बसले होते. नऊ पाने मागे जायचे होते, इतकेच. पाहिलं असतं तर लिहिलं असतं, असे तिला तोंडावर सांगून मी घरी आले आणि लिहिले होते की नाही हे बघितले नाही. माझ्या आठवणीवर माझा इतका भरवसा होता की ज्या वहीवर आयुष्यभर भिस्त ठेवली, तिला विचारायचे मला सुचले नाही.

सून म्हणाली, एवढं काय वाचताय, ऊन डोक्यावर आलं. मी म्हटले, मला रिक्षा बोलावून दे.

तराजू आता निवृत्त आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सोबत नणंद. नवरा आणि सासरे दोघेही गेले. नणंदेनेच दार उघडले आणि आत वळून म्हणाली, तुझ्या मॅडम आल्यात, जिना चढून आल्यात, आधी पाणी दे, नाहीतर आपल्यावर येईल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार डबे भरून ठेवलेले होते, प्रत्येकावर चिकटपट्टीवर मजला आणि खोली लिहिलेली. त्या इमारतीतल्या आजारी माणसांना ती मऊ जेवण करून देते. दारावर पाटी नाही. लोक आहारतज्ज्ञ समजून येतात, तेव्हा ती सांगते की मी स्वयंपाकघरातली.

मी चहाला थांबले नाही. डायरी उघडून मंगळवार वाचून दाखवला. मग मी म्हणाले, "तू खरं बोलत होतीस. मी तिथे होते."

ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती. "ते मला माहीतच होतं, मॅडम."

"मग तू भांडली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही पाहिलंत आणि ते तुम्हाला पटलं नाही. नापास म्हणायला जीव झाला नाही, म्हणून पाहिलं नाही म्हणालात."

चोवीस वर्षे तिला असे वाटत होते. ह्यांच्या खाटेशेजारी बसली तेव्हाही तिला असेच वाटत असणार, की जे काम आपल्याला जमत नाही असे या बाईचे मत आहे, तेच आपण तिच्यासमोर करतो आहोत.

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि हिरवी वही घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्याचे कोपरे जसेच्या तसे. सत्ताविसाव्या कौशल्याच्या दुसऱ्या रकान्यात पेन्सिलने, बारीक अक्षरात, त्या मंगळवारची तारीख होती. तुम्हाला फक्त शाईने गिरवायला लागावं म्हणून लिहून ठेवली होती, ती म्हणाली.

मी पर्समधून पेन काढले. टोपण काढले. तिने रकान्यावर तळहात ठेवला.

"कुठली तारीख टाकणार, मॅडम?"

आजची तारीख टाकली तर मुदत संपून चोवीस वर्षे झाली. त्या मंगळवारची टाकली तर ती मागची तारीख. हे तिला मीच शिकवले होते, पहिल्या तासाला, ती पहिल्या बाकावर असताना.

मी टोपण लावले. तिने वही पुन्हा पिशवीत घातली आणि म्हणाली, "ते 'मला हे जमले नसते' आहे ना, तेवढं पुन्हा एकदा वाचता?"

मी वाचले. तिने मान डोलावली, वर्गात डोलावायची तशी. मग उठून डब्यांची झाकणे लावू लागली, कारण साडेबारा वाजले होते आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा वाट पाहत असतील असे ती म्हणाली. मी निघाले. तिने दारापर्यंत सोबत केली आणि पायऱ्या जपून उतरा म्हणाली.

मी एक जिना उतरले असेन नसेन, तोच वरून नणंदेचा आवाज आला. काय गं, कशाला आल्या होत्या?

"काही नाही वन्सं. मी पास झाले म्हणतात."

"आता? मग उद्यापासून नोकरी शोधतेस का?"

दोघी हसल्या. आधी नणंद, मग ती. मला अजून दोन जिने उतरायचे होते. मी कठड्याला धरून उभी राहिले, वर दार लागल्याचा आवाज येईपर्यंत.